दामू बॉयलरचं प्रेशर

थकवा कसा मिरवावा हे शिकायचं असेल, तर तुम्ही आमच्या दामूला भेटायला हवं होतं. आता उशीर झाला. तशी थकलेली माणसं आमच्या बोईसरला कमी नाहीत. सकाळच्या पाळीला एमआयडीसीच्या गेटातून आत शिरणारी निम्मी माणसं थकूनच आलेली असतात. पण ती बिचारी थकवा लपवतात. दामू तो अंगावर शेल्यासारखा घ्यायचा. गेटपासून बॉयलर हाऊसपर्यंत तो असा चालत यायचा की वाटावं, पहिल्याच अंकात राज्य हरलेला राजा विंगेतून प्रवेश करतोय. खांद्यावर ओला पंचा, हातात डबा, आणि वाटेत प्रत्येक झाडाखाली एक मुक्काम. कुणी विचारलंच, "काय दामू, दमलास?" तर तो मान सावकाश वळवायचा, विचारणाऱ्याला नखशिखांत न्याहाळायचा आणि सांगायचा,

"दमलो नाय. प्रेशर कमी हाय."

एवढं बोलून पुढे निघायचा. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की एखाद्या नटाचं ठेवणीतलं वाक्य म्हणून मी ते कधीही त्याच्या आवाजात म्हणून दाखवू शकतो. म्हणून दाखवतोही.

आमच्याकडे माणसाचं आडनाव पगारपत्रकावर असतं आणि हाका त्याच्या खात्याने मारतात. मी स्टोअरमध्ये, म्हणून मी 'स्टोर'. तो बॉयलर अटेंडंट, म्हणून 'दामू बॉयलर'. राहायला दांडीला, समुद्राच्या काठावर. घराणं मच्छीमारांचं, धाकटा भाऊ हरेश मासळीचा टेम्पो चालवायचा. दामू मात्र तरुणपणीच होडीतून उतरून बॉयलरवर चढला. का, म्हणून विचारलं तर म्हणायचा, "होडी हलते रं. बॉयलर एका जागी बसते. मला बसलेली बाई बरी वाटते."

ही बसलेली बाई म्हणजे आमचा जुना बॉयलर. त्याला तो 'म्हातारी' म्हणायचा. म्हातारीसमोर त्याचं लोखंडी स्टूल आणि स्टुलासमोर पाण्याची पातळी दाखवणारी काचेची उभी नळी. तुमच्याशी बोलताना दामू तुमच्याकडे बघायचा नाही, त्या नळीकडे बघायचा. बॉयलरवाल्याला लोकांना वाटतं तशी वाढलेल्या प्रेशरची भीती नसते, हे मला त्यानेच सांगितलं. प्रेशर वाढलं तर सेफ्टी व्हॉल्व उडतो, शिटी मारतो, सगळ्या कंपनीला कळतं. खरी भीती कमी पाण्याची. "पाणी जास्त झालं तर म्हातारी जरा थुंकते," तो म्हणायचा, "मरत नाय. पाणी कमी झालं की मात्र ती पण गेली आनि आपण पण गेलो." उभ्या आयुष्यात त्याचे डोळे त्या नळीच्या खालच्या खुणेवर खिळलेले. वरच्या टोकाकडे त्याने कधी ढुंकून पाहिलं नाही.

दुसरी गोष्ट ब्लो-डाऊनची. बॉयलरच्या तळाला एक व्हॉल्व असतो. पाळी संपताना तो क्षणभर उघडायचा, म्हणजे तळाशी साचलेला गाळ फस्सकन बाहेर पडतो. एका दिवाळीत दामू सुट्टीवर होता. त्याच्या जागी दुसरीकडून आणलेल्या माणसाने म्हातारीला नुसती मंद आचेवर ठेवली आणि ब्लो-डाऊन काही केला नाही. काम कमी, वाफ कमी, कशाला त्रास? दामू परत आला, व्हॉल्व उघडला आणि आतून चिखलाची पेस्ट आली. त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा धावताना पाहिलं. त्याने रामसजनला पकडलं. रामसजन म्हणजे त्याचा बिहारी फायरमन, चाळिशी उलटलेला, मिशीवाला, गरीब स्वभावाचा. त्याची काही चूक नव्हती, पण समोर तोच होता.

"चलता पानी में गाळ नाय बसता!" दामू ओरडला. त्याचं हिंदी असंच, अर्ध्या वाटेत होडीतून उतरलेलं. "रुका पानी में बसता हाय! सुस्ती में बसता हाय! रोज मारना, समजा?"

"समज गया उस्ताद," रामसजन म्हणाला, "लेकिन हम तो छुट्टी पे थे।"

"तो छुट्टी में समजना!"

आता सुरक्षा सप्ताहाकडे वळतो, कारण सगळ्याची सुरुवात तिथे झाली. दरवर्षी आमच्या कंपनीत सुरक्षा सप्ताहाला नाटक होतं आणि ते लिहितो, बसवतो, सजवतो मी. दुसरं कुणी करत नाही हे त्याचं एकमेव कारण, पण मी ते कुणाला सांगत नाही. त्या वर्षीच्या नाटकात हेल्मेट न घातल्यामुळे एक कामगार मरतो आणि उरलेली माणसं त्याच्याभोवती उभी राहून नियम म्हणून दाखवतात. प्रेताच्या भूमिकेसाठी दामूशिवाय दुसरं नाव कुणाच्या मनात येणं शक्यच नव्हतं. तो म्हणाला, "बोलायचं नाय ना? उठायचं नाय ना? मग मी जन्मापासून तयार हाय."

स्ट्रेचरवर दामू, वर पांढरी चादर. पडदा उघडला आणि पहिल्याच मिनिटाला हशा. चादरीखाली त्याच्या पोटाचा डावा भाग टेकडीसारखा वर आलेला, उजवा सपाट. मागून कुणीतरी ओरडलं, "मेला तरी डबा सोडला नाय!" दुसऱ्या मिनिटाला प्रेत घोरायला लागलं. सेफ्टी ऑफिसर नियम सांगतोय, प्रेत घोरतंय, प्रेक्षक खुर्चीवरून खाली. आणि मग चादरीवर, तोंडाच्या जागी, लाल डाग उमटला. तो पसरत गेला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. इतका उत्तम परिणाम मी कधीच साधला नव्हता आणि त्या दिवशीही तो मी साधलेला नव्हता. दामूच्या नाकातून रक्त येत होतं आणि ते थांबेना.

बोईसरच्या डॉक्टरांनी पोट दाबलं आणि त्यांची बोटं डाव्या बरगडीखाली सुरू होऊन पार बेंबीपर्यंत आली. ती प्लीहा. आपल्या जुन्या बायका जिला पाणथरी म्हणतात, ती. एवढी वाढली होती. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की मूळ दुखणं यकृताचं आहे. कधीकाळी होऊन गेलेली, अंगातच दबा धरून बसलेली कावीळ. तिने वर्षानुवर्षं यकृत खरवडून कठीण करून टाकलं होतं. सिरॉसिस. दामूच्या रक्तातल्या प्लेटलेट फुगलेली प्लीहा गिळत होती, म्हणून नाकाचं रक्त थांबत नव्हतं. आणि तो जो थकवा आम्ही सगळे इतकी वर्षं टाळ्या वाजवून बघत होतो, तोही तिथलाच.

सिरॉसिस म्हटलं की लोक आधी तोंडाचा वास घेतात. पालघरला असो, मुंबईला असो, प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न: किती पिता? दामूने ताडीच्या प्रदेशात जन्म घेऊन ताडी जिभेला लावली नव्हती. बायको कुंदा आधी रडून सांगायची, मग रागाने सांगायची, नंतर तिने सांगायचंच सोडलं. दामूने मात्र उत्तर बसवून ठेवलं होतं. "पितो," तो म्हणायचा, आणि समोरच्याने पेन उचललं की पुढे, "चहा. तो पण कोरा."

पुढचे दिवस थकवणारे होते, ते मी भराभर सांगतो. रक्ताची उलटी झाली. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात नेलं, दुर्बिणीने अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा रबरबँडने बांधल्या. घरी आला. पुन्हा उलटी, पुन्हा मुंबई, पुन्हा बांधणी. प्रत्येक खेप हरेशच्या टेम्पोतून, मागे धुऊनसुद्धा बोंबलाचा वास न गेलेले रिकामे ट्रे खडखडत. हॉस्पिटलचा वॉचमन त्याला वासाने ओळखायला लागला, असं दामू अभिमानाने सांगायचा. शेवटी तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्लीहा काढून टाकू.

या बाई दामूला फार आवडल्या, कारण त्या चित्र काढून सांगायच्या. मी त्या दिवशी बरोबर होतो. त्यांनी कागदावर यकृत काढलं, त्याच्याकडे जाणारी एक जाड शीर काढली, त्या शिरेला मिळणारी प्लीहा काढली. दामू खुर्ची पुढे ओढून बसला.

"म्हणजे मेन लाइन चोक हाय," तो म्हणाला.

"बरोबर."

"आनि बॅक प्रेशर येतंय. त्यानी ही फुगली."

"अगदी बरोबर. शिरेतलं प्रेशर फार वाढलंय तुमचं."

दामूने माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर जन्मभराची फसवणूक उघडकीला आल्याचे भाव. "ऐकलंस, स्टोर? मी जल्मभर सांगतोय प्रेशर कमी हाय, आनि ह्या बाई सांगतात जास्त हाय!"

बाई हसल्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आवाज बदलला. ऑपरेशन होईल, म्हणाल्या, पण मला जास्त काळजी ऑपरेशननंतरची आहे. तुमची ही शीर फुगून रुंद झालीय. आतलं रक्त आधीच सावकाश चालतंय. प्लीहा काढली की तिच्याकडून येणारा लोंढा बंद होईल, रक्त आणखी मंदावेल. आणि ती गिळत होती त्या प्लेटलेट मोकळ्या सुटतील, आकडा भराभर चढेल. रुंद शीर, मंद रक्त, चढता आकडा, वर थकलेलं यकृत. यातली एखादी गोष्ट असती तरी मी सावध राहिले असते. तुमच्यात सगळ्या आहेत. म्हणून या शिरेत गुठळी बसायचा धोका तुम्हाला जास्त.

"गुठळी बसली तर काय होल?" कुंदाने विचारलं. ती तोवर भिंतीला टेकून गप्प उभी होती.

"थोडी असेल, वेळेत कळली, तर औषधाने हटते. पूर्ण बसली तर पुन्हा प्रेशर, पुन्हा उलट्या, पोटात पाणी. आणि उद्या यकृत बदलायची वेळ आली तर नवीन यकृत या शिरेलाच जोडायचं असतं. शीरच बंद झाली तर तो रस्ताही अवघड."

मग त्यांनी बजावलं. ऑपरेशननंतर लोळायचं नाही, चालायचं. रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं, मग गोळी, ती मी सांगेपर्यंत सोडायची नाही. आणि सांगितलेल्या तारखेला डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे शिरेतलं रक्त वाहतंय ना ते बघायचं, काही दुखत नसलं तरी. "ही गुठळी ओरडत येत नाही, काका. चुपचाप बसते."

दामूने मान डोलावली. पूर्ण ऐकलं, पूर्ण समजलं. मी साक्षीला आहे.

ऑपरेशन नीट झालं. आणि आकडा चढला.

हे समजायला तुम्हाला दांडी माहीत हवी. दामूच्या दुखण्याच्या काळात त्या गावात प्लेटलेट हा शब्द पापलेटपेक्षा जास्त वेळा उच्चारला गेला होता. डेंग्यूमुळे तो सगळ्यांना ठाऊक होताच. रोज कुणीतरी पपईची पानं आणून द्यायचं, कुंदा त्यांचा रस काढायची, दामू तो कडू रस नाक धरून प्यायचा आणि आकडा काही हलायचा नाही. किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालू असताना बायका मध्येच कुंदाला विचारायच्या, "गो कुंदे, किती झाल्या?" कुंदा मान हलवायची. आणि आता ऑपरेशननंतरच्या पहिल्याच रिपोर्टात दुप्पट. पुढच्या रिपोर्टात त्याहून वर. गावाने वाट बघितलेली भरती आली होती. हरेशने पेढे वाटले. देवीला ओटी भरली गेली. आणि दामूने घराच्या मागच्या दारावर खडूने एक उभी नळी काढली.

मी रजेच्या दिवशी स्कूटर काढून पास्थळवरून दांडीला गेलो, तेव्हा ती पाहिली. हुबेहूब म्हातारीची काच. खाली आडवी जाड रेघ, तिथे लाल खडू. प्रत्येक रिपोर्टानंतर दामू ती नळी वर वर भरत नेत होता. पांढरा खडू आता दाराच्या कडीपर्यंत पोचला होता. वरच्या टोकाला मात्र खूण नव्हती. नुसतं दार.

"वरती लाल नाही काढलंस?" मी विचारलं.

"वरती कशाला? पाणी भरतंय, भरू दे. जास्त झालं तर म्हातारी थुंकेल जरा."

"आणि गोळी?"

"कुठली?"

"रक्त पातळ करायची."

तो माझ्याकडे बघून दयेने हसला. "इतकी वर्षं बोंबलत होते, दामूचं रक्त पातळ, दामूचं रक्त पातळ. आता कुठं काचेत पाणी दिसाया लागलं, तर ते खाली सोडायची गोळी खाऊ? भरल्या बॉयलरला कोण भोक पाडतं? बंद केली."

"डॉक्टरीणबाईंना विचारलंस?"

"त्यांची तारीख गेली. डॉप्लरची. नारळी पुनवेची गडबड होती." मग तो ओट्यावर टेकला, समुद्राकडे तोंड करून. वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा वाऱ्यावर हलत होत्या. "स्टोर, मला आता कोनी तपासू नका. सुई टोचा, पोटावर ते गार लोणी फासा, श्वास धरा, श्वास सोडा, कूस बदला. माझा पण जीव हाय ना? काय दुखत नाय, काय खुपत नाय. बसू द्या मला." आणि कुठलाही अभिनय न करता तो म्हणाला, "दमलो रं."

इतक्या वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मी चहा पिऊन परत आलो. संध्याकाळी कुंदाला फोन करून गोळीचं सांगितलं. ती म्हणाली, "मी सांगून दमले, भावोजी. ऐकतात कुठं? बसून राहतात नुसते. रस मात्र पितात, त्यानीच चढल्या म्हणतात."

पुढच्या रविवारी रामसजन माझ्या मागे लागला. उस्तादांना बघायला यायचं म्हणाला. गावी जाऊन आला होता, बरोबर सत्तूची पिशवी होती. दोघं स्कूटरवर गेलो. हरेश अंगणात टेम्पो धूत होता. दामू त्याच ओट्यावर, त्याच जागी. पुढ्यात कुंदाने वाढलेलं ताट होतं, त्यातला भात तसाच आणि भाजलेला बोंबीलही तसाच. दांडीच्या माणसाने ताजा बोंबील ताटात टाकणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको.

रामसजनने वाकून पाया पडून दारावरची नळी बघितली. त्याला खुलासा करावा लागला नाही. त्याने ती ओळखली आणि खूश झाला.

"वाह उस्ताद, पानी एकदम बढ़िया! तो अब दिन भर क्या करते हैं?"

"बसतो. आराम. कुछ नाय करता."

"टहलते नहीं?"

"नाय."

"दवा?"

"बंद."

रामसजनने मिशीवरून हात फिरवला. त्याला थट्टाच करायची होती. उस्तादाची थट्टा करायची संधी त्याला आयुष्यात पहिल्यांदा मिळत होती. "हमको तो बहुत गाली देते थे, उस्ताद। रुका पानी, सुस्ती, रोज मारना। और अपना ब्लो-डाउन बंद करके बैठे हैं?"

मी हसलो. रामसजन हसला. दामू हसला नाही. त्याची नजर दारावर गेली. खालच्या लाल रेघेवरून ती हळूहळू वर चढत गेली, कडीपर्यंत, कडीच्याही वर, जिथे काहीच काढलेलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मुंबईत सांगितलेलं सगळं तो तिथे बसून पुन्हा ऐकत असावा. रुंद नळी. मंद पाणी. तो पोटावर हात ठेवून बसला होता. हे माझ्या लक्षात आलं, आणि त्याआधी कुंदाच्या आलं.

"दुखतं?" ती म्हणाली.

"नाय. जड वाटतंय."

"कवापासून?"

दामूने ताट जरा लांब सरकवलं.

"अवो, मी इचारते, कवापासून?"

"झाले काही दिस. ताप पन येतो जरासा, दुपारचा."

कुंदाने ताट उचललं, आत नेऊन ठेवलं, पदराला हात पुसत बाहेर आली. आवाज चढवला नाही. "हरेशभावोजी, टेम्पो काढा. तुमी उठा."

"उद्या जाऊ."

"मी ह्या घरात एकटी नाय बसनार," ती म्हणाली. "उठा."

तो उठला.

डॉप्लरमध्ये गुठळी निघाली. शीर निम्म्याहून जास्त अडलेली, पूर्ण बंद मात्र नाही. डॉक्टरीणबाईंनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं दामू नंतर म्हणाला. त्या नुसत्या चष्मा काढून बसल्या. त्याही दिवसभराच्या थकलेल्या असणार. त्यांनी पुन्हा चित्र काढलं, त्याच शिरेत काळा ठिपका काढला आणि म्हणाल्या, आता दोन्हीकडून सांभाळायचंय. औषध कमी पडलं तर ही पूर्ण बसेल, जास्त झालं तर अन्ननलिकेतल्या शिरा फुटून रक्त जाईल. पपईचा रस बंद. इंजेक्शन सुरू. चालायचं. मग पुन्हा डॉप्लर, आणि तेव्हा कळेल आपण वेळेत आलो की नाही.

त्या 'तेव्हा'ची वाट बघण्यात पुढचे आठवडे गेले. लिलावात आता कुणी आकडा विचारत नव्हतं. प्लेटलेट चढल्या तरी पंचाईत, उतरल्या तरी पंचाईत, हे गावाला पटवणं अवघड होतं. लोक कुंदाशी मासळीच्या भावाबद्दल बोलायचे आणि नजर चुकवायचे. दामू सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर चालायचा, ओढलेल्या होड्यांच्या मधून, शिव्या देत. मागे कुंदा. तो थांबला की ती थांबायची नाही, त्याला ओलांडून पुढे जायची, म्हणजे मग त्याला चालावंच लागायचं. असा तो नवरा-बायकोचा प्रवेश मी पुष्कळदा पाहिला. त्यात संवाद जवळजवळ नव्हते.

पुढे दामू गेला. वर्षभरानंतर, यकृतच हळूहळू निकामी होऊन. यकृत बदलायच्या यादीत त्याचं नाव होतं, पण तोवर शरीर टिकलं नाही. मी गेलो होतो दांडीला त्या दिवशी, सगळी कंपनी गेली होती, रामसजन तर लहान मुलासारखा रडला. पण दामूची शेवटची आठवण म्हणून तो दिवस मी धरत नाही. त्या दिवशी तिथे दामू नव्हताच.

मी धरतो तो पालघरच्या सोनोग्राफी सेंटरातला, त्या ठरलेल्या डॉप्लरचा दिवस. दरवेळी मुंबईचा प्रवास झेपेना, म्हणून बाईंनी तिथे करायला परवानगी दिली होती. बाहेर बाकांवर गर्दी, गरोदर बायका, पाण्याच्या बाटल्या, नंबराची हाकाटी. आत एकालाच सोडतात, पण दामूने जाताना दार पूर्ण लावलं नव्हतं. मी आणि कुंदा त्या फटीशी उभे होतो. कुंदाने पदराचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

आत डॉक्टर तरुण होते, मान खाली घालून काम करणारे. पोटावर यंत्र फिरत होतं. "श्वास घ्या. धरा." शांतता. "सोडा." पुन्हा शांतता. दामू छताकडे बघत होता. डॉक्टरांनी यंत्र थोडं तिरकं केलं, दाबलं, थांबले. मग त्यांनी एक बटण दाबलं आणि शेजारच्या पेटीतून खोलीत आवाज आला.

घुंऽऽ असा, खोल, सलग. बंद खिडकीबाहेर वारा वाहावा तसा. मध्येच जरा चढायचा, जरा उतरायचा, पण तुटायचा नाही.

"ह्यो काय?" दामू म्हणाला.

"रक्त आहे काका. तुमचंच. यकृताकडे चाललंय."

"कुठल्या नळीतून?"

"त्याच. गुठळी बरीच विरघळलीय. थोडी कडेला आहे अजून, पण रस्ता मोकळा झालाय."

तो आवाज चालूच होता. मी कुंदाकडे बघितलं नाही, तेवढी समज मला आहे. मग आतून हाक आली.

"कुंदे. आत ये."

"एकालाच परवानगी आहे," डॉक्टर म्हणाले, पण ती तोवर आत शिरली होती, चपला फटीशी काढून. ती त्या पेटीजवळ गेली आणि पाळण्यावर वाकावं तशी वाकून तिने कान दिला.

"काका, झालं आता," डॉक्टरांचा हात बटणाकडे गेला. "बाहेर खूप पेशंट आहेत."

दामूने पडल्या पडल्या त्यांचं मनगट धरलं. हळूच, पण धरलं.

"थांबा हो जरा," तो म्हणाला. "तिला ऐकू दे."

डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं, मग त्या दोघांकडे, आणि हात मागे घेतला. मी बाहेरून दार ओढून घेतलं.